तादालाचा दगड

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५. पहाटे गार वारा. आज मतदान. रांगेत जागा धरायला दोन दगड ठेवून आले, एक माझा, एक तादालाचा.

एवढं लिहून फेलिस्तासबाईंनी वही मिटली, तेव्हा मलावीतल्या ब्लांटायर शहरातून गावी आलेली नात तादाला अजून चटईवरच होती.

"ऊठ गं. तुझं पहिलं मत."

"मी नाही येणार, गोगो. गेल्या वेळी पूल, त्याआधी पूल, आताही पूलच! नदीला तरी लाज वाटत असेल."

फेलिस्तासबाईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. चौऱ्याण्णव साली, हुकूमशाही संपल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत, गावच्या शाळेत शिकवत असताना घरोघर फिरून त्यांनीच बायकांना सांगितलं होतं, आता भिऊ नका, मत द्या, पूल होईल. बायका बाळं पाठीशी बांधून दगड ठेवायला धावल्या होत्या. शेजारची एनेलेस तर दर पावसाळ्यात विचारायची, "मॅडम, पूल कुठवर आला हो?" मागच्या वर्षी ती गेली. विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणूनच तादाला यावी असं त्यांना फार वाटत होतं.

रांग सरकली की ज्याचा माणूस अजून आला नाही तो दगड मागच्याने पायाने पुढे ढकलायचा, ही गावची रीत. मागे म्हातारे मकांडाविरे होते. ते इमानाने ढकलत होते.

"मॅडम, नात येतेय, की दगडच मत देणार?"

"येतेच आहे."

"दगडांनी दिलं असतं तर पूल तरी झाला असता!" मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले. फेलिस्तासबाई तेवढ्यात पुन्हा पायवाटेकडे वळून बघत होत्या. तिथे दोन शेळ्या चरत होत्या, बस.

तादालाचा दगड मतदान चाललेल्या शाळेच्या दारापर्यंत आला. आतून आवाज आला, "पुढचे!" मकांडाविरे थांबले, मत देऊन बाहेर आलेल्या बाईंकडे बघितलं, आणि दगडाला वळसा घालून आत गेले.

बोटाची शाई वाळवत, दगड पदरासारख्या गुंडाळलेल्या कापडात घेऊन त्या घरी आल्या. तादाला अंगण झाडत होती.

"दगड कुठवर गेला होता?" तिने विचारलं.

"दारापर्यंत."

तिने झाडू ठेवला आणि त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

संध्याकाळी फेलिस्तासबाईंनी वही उघडली. सकाळच्या नोंदीखाली एकच ओळ लिहिली : मागच्या दाराची कडी तुटली आहे, तादालाचा दगड लावून ठेवला, दार नीट बसतं.