मोहाखालचा पाला

आमचा पाडा पेठकडं, डोंगराच्या पायथ्याला. मालक गेल्यापासून मी तिथं एकलीच राहायचे. पोरगा आन् सून नाशिक रोडला. शिमग्याला दोघं आली ती मला घेऊन जायचं ठरवूनच. पोरगा म्हणला, आता तुला डोंगर चढणं व्हायचं नाय. मी म्हणलं, सकाळी माझ्यासंगं वरच्या मोहापर्यंत चल. चढून पाटीभर फुलं येचली तर मी हितंच राहीन. नाय जमलं तर तुझ्या गाडीत बसंन. तो कबूल झाला.

तांबडं फुटताच निघालो. मोहाचं फूल रातीला गळतं, ऊन तापायच्या आधी उचलावं लागतं. वाटंला पळस, त्याच्यावर पान नाय, नुसती फुलं. वढ्याच्या अंगाला धायटीची झुडपं लाल झालेली. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या, त्यांचा वास येत व्हता. सून मोबाईलवर फोटो काढत मागून यायची. पोराला लय दम लागला. वळण आलं का बुटातला खडा काढायला बसायचा. सून म्हणली, "आईंचं राहू द्या, तुम्हालाच पाटीत घालून न्यावं लागंल."

खिंडीत पोचलो तव्हा नुकतं ऊन पडलं व्हतं. एकामागं एक डोंगर, पार गुजरातपर्यंत. मधी धरणाचं पाणी. सून म्हणली, किती छान, तुम्हाला रोज बघायला मिळतं. डोक्यावर पाटी असली का मान वर व्हत नाय. हा पोरगा तान्हा व्हता तव्हा माझ्या पाठीला बांधलेला असायचा. मालक दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला. मोह वाळवून ठेवला तर पावसाळा निघायचा, नायतर नाय.

त्याच वरसांत कधीतरी मी झाडाखालच्या पाल्याला काडी लावली व्हती. पाला जळला का काळ्या भुईवर फूल चटकन दिसतं, सगळेच लावायचे. वारा फिरला. आग वरच्या कड्यापर्यंत गेली. दोन घरांनी छपरासाठी कापून ठेवलेलं गवत गेलं. कोणी मला शिवी दिली नाय. त्या पावसाळ्यात ती दोन्ही घरं गळली. त्यातली एक म्हातारी चार महिने माझ्याकडं झोपली, रोज रात्री खोकायची. तिथून पुढं मी काडी लावली नाय. आदल्या दिवशी पाला झाडून ठेवायचे.

आवंदा झाडायचं राहिलं. मी मोहाखाली बसले आन् हात घातला. हाताला पाला लागला. परत घातला, परत पाला. फूल पिवळट, पाला पिवळट, मला सगळं एकच दिसत व्हतं. दोन वरसं असंच चाललं व्हतं, लाल-पांढरं कळायचं, पिवळ्यातलं पिवळं नाय, पण घरात हाताच्या अंदाजानं भागायचं. पोरगा दगडावर बसून पाणी पित व्हता, त्याच्या ध्यानात आलं नाय. सुनंच्या आलं. ती माझ्या बाजूला येऊन बसली आन् न बोलता वंजळी भरून माझ्या पाटीत टाकाया लागली. पाटी भरली.

पोरगा उठला. "जिंकलीस आई. राहा हितंच."

सुनंनं माझ्याकडं बघितलं. ती बोलणार नव्हती, हे मला कळलं. मी राहिले असते. पण एखाद्या सकाळी फुलं दिसत नाय म्हणून मी काडी लावली असती, हे बी मला कळत व्हतं.

मी म्हणलं, "फुलं हिनं येचली. मला दिसत नाय."

पोरानं इचारलं, कव्हापासून. मी सांगितलं. मग उतरताना पाटी त्यानं घेतली. मोह शेजारणीच्या खळ्यात वाळत घातला, दाराला कडी लावली आन् गाडीत बसले.

डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. एक डोळा झालाय, दुसरा राहिलाय. समोरच्या बिल्डिंगीत कोणाच्या कुंडीला पिवळं फूल आलंय, ते दिसतं. पाल्यातलं दिसतं का नाय, ते तिथं जाऊन बसल्याबिगर कळायचं नाय. त्या आगीचं मी सुनंला सांगितलंय. ती म्हणते, येत्या फागुनात नेऊन सोडते, पण झाडू घेऊन जाऊ.