नानांचा ठिपका

मोबाइल कंपनीच्या मदत केंद्रात तिला सगळे होकाबाई म्हणत. होकायंत्रातला होका. हे नाव पाडणारा सहकारी केव्हाच दुसरीकडे निघून गेला, नाव मात्र हिला चिकटलं ते चिकटलंच. ज्यांचा फोन त्यांना भर नदीत उभं करतो, किंवा गाडी पुलावर असताना पुलाखालून हाकतो, अशा सगळ्यांच्या तक्रारी तिच्याकडे वळवल्या जात. ती आधी त्यांना मनसोक्त चिडू द्यायची. मग शांतपणे सांगायची: बॅटरी वाचवायची सोय बंद करा, नकाशाला ठिकाण बघायची परवानगी द्या, ते धातूचं कव्हर काढा, उघड्यावर जा आणि दोन मिनिटं स्वस्थ उभे राहा. यातल्या शेवटच्या गोष्टीला लोक सगळ्यात जास्त कुरकुर करीत.

एकदा एका गृहस्थांचा फोन आला. आवाज दबका.

"मॅडम, हा फोन मला रोज रात्री जुन्या घरी दाखवतो. मी नव्या घरात सोफ्यावर बसलेला असतो हो. पण बायकोला कोण पटवणार?"

"घर बदललंत तेव्हा वायफायचा डबा जुनाच आणलात का?"

"आणला. तुम्हाला कसं कळलं? पत्रिका बघता का?"

"छपराखाली फोनला उपग्रह नीट दिसत नाहीत. मग तो आजूबाजूच्या वायफायच्या डब्यांना विचारतो, आपण कुठे आहोत. तुमचा डबा अजून जुन्याच पत्त्यावर नोंदलेला आहे. नवा घ्या, नाहीतर काही महिने धीर धरा. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनवरून पत्ता आपोआप सुधारतो."

"काही महिने? तोवर मी सोफ्यावरच झोपणार म्हणा की."

हा किस्सा तिने जेवताना घरी सांगितला. सगळ्यात जास्त हसले ते नाना, तिचे वडील. नाना बसचे निवृत्त कंडक्टर. बायकोला घाबरणाऱ्या पुरुषांविषयी त्यांना पहिल्यापासून सहानुभूती. दादा हसला, वहिनीही हसली. आपल्या स्वतःच्या घरातला डबा कुठून आला, हे त्या हसण्यात कोणाच्याही डोक्यात आलं नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर तो हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता. नदीपलीकडच्या जुन्या घरातून तिनेच तो स्वतःच्या पिशवीत घालून आणला होता, काच असल्यासारखा जपून.

जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि नानांचे गुडघे पहिल्या मजल्यापर्यंतच साथ देत. म्हणून ते विकून तळमजल्यावरची ही जागा घेतली. गुडघ्यांची सोय झाली, तोवर डोकं दगा द्यायला लागलं. नाना दुपारी उठून 'घरी' निघत. दोनदा ते खरोखरच बस पकडून जुन्या घरी पोचले आणि जिन्यात बसून राहिले. नव्या मालकांनी पाणी दिलं, फोन केला, दुसऱ्या वेळी जरा तुटकपणे केला. तेव्हा होकाबाईने नानांच्या गळ्यात दोरीने एक जुना फोन अडकवला. तो कुठे आहे ते तिच्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसायचं. अंगणात तपासलं, समोरच्या खोलीत खिडकीशी तपासलं. ठिपका अगदी बरोबर.

नानांनी दोरी चाचपून पाहिली. "गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात," ते म्हणाले. "ती निदान वाजते तरी."

"हाही वाजतो नाना. मी फोन केला की उचलायचा."

"बघू. गर्दी नसली तर."

त्या दिवशी थंडी होती. दुपारची जेवणं होऊन गेली होती, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"वन्सं, नाना घरात नाहीत. मी कपडे वाळत घालायला मागे गेले तेवढ्यात."

होकाबाईने ठिपका उघडला. नदीपलीकडे, जुन्या इमारतीवर. "जुन्या घरी पोचलेत," ती म्हणाली. तिला खरंतर हायसं वाटलं. नानांच्या फोनवर तिने फोन लावला, तर तो संपर्क क्षेत्राबाहेर. पण ठिपका ताजा होता, आत्ताचा. नाना जातात तिथेच होता. चुकीचं उत्तर आपल्या मनातलंच असलं की त्याची तक्रार घेऊन कोणी मदत केंद्राकडे जात नाही. तीही गेली नाही. ती स्वतःच मदत केंद्र होती, ही गोष्ट वेगळी.

दादाचं ऑफिस जुन्या घराजवळ. तो गेला. जिन्यात नाना नव्हते. नव्या मालकांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, आज दिसले नाहीत बुवा.

"नीट बघ," ती फोनवरून म्हणाली. "तू इमारतीच्या पुढे आहेस. ठिपका मागच्या बाजूला दाखवतोय. दहाएक पावलं मागे जा."

"मागे भिंत आहे."

"भिंतीपलीकडे?"

"भिंतीपलीकडे शाळेचं मैदान आहे. पोरं खेळतायत. त्यांच्यात नाना असते तर कळलं असतं मला."

तिने रजा टाकली आणि रिक्षाने निघाली. वाटेत वहिनीचा पुन्हा फोन.

"सापडले का? नाही? मी इथे कंपाउंडमध्ये दोन चकरा मारल्या, रस्त्यावर पाहून आले. मी थांबू ना घरी? मध्येच परत आले तर. आणि इथे आणखी एक डोकेदुखी. वरच्यांकडे नळवाला आलाय वाटतं. मघापासून पाइपावर ठोकाठोक चाललीय."

"असू दे वहिनी. तुम्ही दार सोडून हलू नका."

वहिनी हलली नाही. पुढे तिने स्वतःला जे काही ऐकवलं, त्यात हे वाक्य सगळ्यात वर होतं, आणि ते तर तिचं नव्हतंच.

जुन्या इमारतीपाशी दोघं बहीणभाऊ ठिपक्याच्या मागे फिरत होते. ठिपका थोडा सरकायचा, ती म्हणायची डावीकडे, दादा डावीकडे जायचा. दादाने जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं, आत टॉर्च मारला, आणि झाकण परत ठेवलं. मग गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं. ज्या गॅरेजमध्ये नाना कधी जन्मात गेले नव्हते तिथेही विचारून झालं. उन्हं उतरली. मैदानातली पोरं घरी गेली. वहिनीचा निरोप आला की ठोकाठोक थांबली एकदाची, नळवाला गेला असावा.

दादा कट्ट्यावर बसला. त्याच्या गुडघ्यांना टाकीजवळचं शेवाळ लागलं होतं.

"मला एक सांग," तो म्हणाला. "त्यांना फोन लागत नाही. क्षेत्राबाहेर म्हणतात. मग हा ठिपका कसा काय हलतो?"

"दादा, आत्ता नको हं तुझे प्रश्न."

असं ती म्हणाली खरी, पण तोंडातलं वाक्य पुरं होईपर्यंत तोच प्रश्न तिने स्वतःला विचारला. फोनला नेटवर्क नाही, तरी तो ठिकाण पाठवतोय. म्हणजे वायफायवरून. नानांच्या फोनला पासवर्ड माहीत असलेलं वायफाय जगात एकच होतं. ते इथे नव्हतं. आणि फोनला ऐकू येत असलेला डबा तो एकच असेल, उपग्रह दिसत नसतील, तर तो डबा सांगेल तोच पत्ता खरा. जुना पत्ता.

तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, तळघर."

"काय?"

"स्वयंपाकघराच्या बरोबर खाली. जिथे आपलं सामान ठेवलंय. लगेच जा. फोन चालू ठेवा."

तळघरातल्या त्या खोलीत जुन्या घरातलं न मावलेलं सगळं ठेवलं होतं. कपाट, आरसा, नानांची वेताची खुर्ची. दाराला बाहेरून आपोआप पडणारी कडी होती आणि आतली मूठ निखळलेली. सोसायटीला कळवायचं, असं इमारतीतल्या सगळ्यांच्या मनात होतं.

होकाबाईला फोनमध्ये वहिनीच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग जिना उतरताना आवाज तुटायला लागला, मग कडी. त्यानंतर फोन कटला. संपर्क क्षेत्राबाहेर.

नाना आपल्या खुर्चीत बसले होते, समोर आपलं कपाट, आपला आरसा. म्हणजे घरीच आले होते. एका पायात बूट नव्हता. तो हातात होता आणि खुर्ची पाइपाला टेकेल इतकी ओढून घेतलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार वेळ झालेला नाही. हे सांगायची काही गरज नव्हती. अंग अजून कोमट होतं, आणि वहिनीने ते हातांनीच पाहिलं होतं.

नंतरचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे होते. नातेवाईक, डेपोतले जुने सोबती, मदत केंद्रातल्या मुली. जो तो विचारायचा, कसं झालं हो? दादा तेच तेच थोडक्यात सांगायचा. पाइपाचा भाग तो गाळायचा. वहिनी तेव्हा उठून आत जायची, पण आत म्हणजे स्वयंपाकघर, तिथे तर पाइपच होता.

नानांचा फोन बंद करायला कोणाचा हात धजला नाही. तो फळीवर डब्याशेजारी चार्जिंगला पडून होता आणि तिच्या फोनवर नाना अजून नदीपलीकडे होते.

"तो डबा फेकून दे," दादा एकदा म्हणाला.

"राहू दे. सुधारेल आपोआप."

"कोण सुधारणार?"

"येतायत ना एवढी माणसं."

आणि तसंच झालं. जो तो उघड्यावरून आला, खिशात फोन घेऊन, आणि दारात चपला काढताना त्याच्या फोनने हा डबा कुठे आहे ते कुठेतरी मुकाट्याने कळवलं. एका सकाळी वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सं, तुमचा फोन बघा जरा."

ठिपका नदी ओलांडून इकडे आला होता. दादाही येऊन खांद्यावरून बघू लागला. होकाबाईने दोन बोटांनी नकाशा मोठा केला. अंगण, भिंत, स्वयंपाकघर. एका पावलाचाही फरक नव्हता. मग तिने नानांच्या फोनची पिन काढली आणि तो बंद केला. दादा पेचकस शोधायला गेला. तळघराच्या दाराची मूठ त्याने आणून कधीची ठेवली होती.