नासिरच्या गाडीतलं पिस्तूल

बुधवार, जुबैल. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

आज ड्युटीनंतर प्लांटमधला सौदी सहकारी नासिर मला दम्मामला सोडत होता. टिश्यू घ्यायला मी पुढचा कप्पा उघडला, तर आत पिस्तूल!

"घाबरू नकोस, मोहंदिस," तो हसला; इंजिनिअरला इथे मोहंदिस म्हणतात. "रीतसर लायसन्स आहे."

पेट्रोल पंपावर तो नमाजाला गेला. इथल्या सवयीप्रमाणे एसीसाठी गाडी चालूच ठेवली. लायसन्स त्याच्या खिशात, पिस्तूल माझ्या गुडघ्यांसमोर. पोलिस आले तर माझ्याकडे दाखवायला फक्त इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. नोकरी खलास, इथल्या शाळेत चाललेली मुलीची दहावीही अर्धवट. मला अडकवायला मुद्दामच बसवून गेला का हा? मी उतरलो आणि लांब जाऊन उन्हात उभा राहिलो.

तो दोन चहा घेऊन आला. मला तिथे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"गाडी तुझ्या भरवशावर सोडली होती," एवढंच म्हणाला.

तुम्ही गाडीत बसून राहिला असता का?

उद्याचं काम: नासिरला सांगायचं, की मी पोलिसांना घाबरलो होतो. आणि हे अर्धंच खरं आहे, हेही सांगायचं.