सूर्याचं निमित्त

शेजारचे आप्पा हौशी रेडिओवाले. रोज सकाळी ते गच्चीवरच्या खोलीतून आसामातल्या एका मित्राशी बोलतात. दोघं कधी भेटलेले नाहीत, पण आवाजावरून एकमेकांची सर्दी ओळखतात. मित्र चहाच्या मळ्यात राहतो, तिथे मोबाइलला रेंज नाही. नुकताच त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय.

काल मी वर गेलो, तेव्हा आप्पा हाका मारत होते आणि रेडिओतून नुसती खरखर येत होती. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी बटण फिरवत नेलं, तर सगळीकडे तीच खरखर. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला.

"सगळेच गप्प आहेत. म्हणजे सूर्यावर भडका उडालाय. निवळेल थोड्या वेळात."

समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. ऊन रोजच्यासारखंच होतं. एरवी हे बोलणं पोहोचतं तेही सूर्याच्याच जिवावर. त्याच्या तेजाने भारलेली उंचावरची हवा आवाज परतवून दूर पाठवते. आपण त्याला अर्घ्य देतो, नमस्कार घालतो. त्याला मात्र ठाऊकही नसतं, की आपल्या एका उसळीने खाली कुणाचं बोलणं तुटलं.

हळूहळू खरखर विरली. एकेक अनोळखी आवाज परत आला. आप्पांनी माइक उचलला, तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"जरा थांबू या," ते म्हणाले. "अजून नीट निवळलं नसेल."