कूलरसमोरचा रेकॉर्डर

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजल्या, की त्या वासाने माझा हात अजूनही कूलरच्या बटणाकडे जातो. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या घरी आम्ही ताईच्या लग्नाची डीव्हीडी लावली होती. बुरशी लागलेल्या कॅसेटवरून बाबांनीच ती डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवली होती. इतर मशीनवर चालावी म्हणून ती शेवटी फायनलाइज करायची असते, ते मात्र राहिलं, त्यामुळे ती फक्त त्याच मशीनवर चालायची. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मशीन तापलेलं पाहून आईने कूलर तिकडे वळवला. “त्यालेबी गरम होऊन राह्यलं ना,” ती म्हणाली. थोड्याच वेळात पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली: डिस्क वाचता येत नाही. ओला वारा आत शिरून भिंगावर दव धरलं होतं. अमरावतीहून आलेली ताई रडायलाही घाबरली. मी कूलर बंद केला आणि त्या भट्टीत आम्ही तिघं मशीनकडे बघत, घामाने निथळत बसून राहिलो. ऊन कललं तेव्हा मी बटण दाबलं. चित्राआधी मांडवातला बाबांचा आवाज आला, “अरे, तो कूलर बंद करा कोणी! पोरगी काय म्हणते, आयकू नाही येऊन राह्यलं.” फायनलाइज होताना लाइट गेली, तर डिस्क कायमची जाते म्हणतात. परवा डिस्क फायनलाइज करायची म्हणून मी ते मशीन कपाटातून काढलं, पुसलं आणि प्लग न लावताच परत ठेवलं.