समोरच्या खोलीतले हार्टवाले

लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतल्या शेजाऱ्यांना सगळे 'हार्टवाले' म्हणतात. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहून, घड्याळाकडे बघत मनगटावरचे ठोके मिनिटभर मोजतात आणि आकडा मोठ्याने सांगतात, "साठ! ओके आहे." मगच गोळी घेतात. ती हार्टची गोळी आहे, हे मेडिकलवाल्याकडून चाळभर झालं. तेव्हापासून त्यांचा सिलिंडर मीच वर चढवतो. ते नुसतं ओशाळं हसतात.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू वर त्यांच्याकडे आल्या. त्यांना दमा आहे. "छातीत धडधडतंय रे, तुझी एक गोळी दे."

हार्टवाल्यांनी गोळ्यांची डबी मुठीत घट्ट धरली. "नाही काकू. दम्याला ही चालत नाही, श्वास कोंडेल."

"देऊची नाय तर नाय सांग!" काकू भडकल्या. सगळे गॅलरीत आले.

मग ते हळूच म्हणाले, "माझं हार्ट ठणठणीत आहे. खराब आहे ते लिव्हर. तिकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब ही गोळी उतरवते, नाहीतर अन्ननलिकेतली शीर फुटून रक्ताची उलटी होते. हिने ठोके मंदावतात, पंचावन्नच्या खाली जाऊ नयेत म्हणून मोजतो. लिव्हर म्हटलं की तुम्ही दारू समजणार, म्हणून गप्प होतो. जुनी कावीळ आहे हो, थेंब घेतला नाही कधी."

तेच काकूंचा हात धरून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गॅलरीत थांबलो. ठोके मोजून ते माझ्याकडे बघत हसले, "अठ्ठावन्न! लपवण्याचेच दोन ठोके जास्त पडत होते."