तपासणीच्या तासाचे दोन बल्ब

सत्तरच्या दशकात सीताबर्डीजवळच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. नोकरी हंगामी. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी माझ्या तासाला चांगला शेरा दिला, तरच कायम होणार होते. घरात कमावणारी मी एकटीच, त्यामुळे त्या आठवड्यात साहेबांपुढे देवही किरकोळ वाटत होता.

तपासणीचा धडा आदल्या दिवशी मुलींकडून घोटून घ्यायचा, ही आमच्या शाळेची रीत. कोणी कधी हात वर करायचा, तेसुद्धा ठरलेलं असे. मी फळीवर शंभर वॅटचा आणि पंचवीस वॅटचा बल्ब समांतर जोडला आणि समजावलं, "दोघांना विजेचा दाब सारखाच मिळतो. शंभराच्या तारेचा रोध कमी, म्हणून त्यातून धारा जास्त जाते. शक्तीही तोच जास्त खातो."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते चहा-चिवडा हाणून, सुस्तावून. खुर्चीत रेलून त्यांनी विचारलं, "रोध जास्त कोणाचा?"

ठरलेली मुलगी उठली. "पंचविसाचा."

"चूक," साहेब म्हणाले. "रोध जास्त तिथे ताप जास्त. म्हणजे शंभराचा. काय हो बाई?"

बल्ब एकामागे एक जोडले असते, तर साहेबांचा नियम चालला असता, कारण तिथे दोघांतून एकच धारा जाते; पण तिथेही रोध जास्त पंचविसाचाच. हे मला पाठ होतं. शेजारी मुख्याध्यापिका माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. मी म्हणाले, "हो सर."

मुलगी उभीच. "बाई, काल तं तुम्ही पंचविसाचा म्हणून राहिल्या होत्या."

"खाली बस," मी म्हणाले.

साहेबांनी शेरा मारला, 'विषयावर उत्तम प्रभुत्व.' मी कायम झाले. घरी श्रीखंड आणलं आणि ते मला गोड लागलं, हेही कबूल करते.

पुढच्या तासाला धडा सुधारायला उभी राहिले. आधी त्या मुलीची वही पाहिली. तिने नीट लिहिलं होतं: 'रोध जास्त: पंचविसाचा. साहेब असल्यास: शंभराचा.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी ओळ खोडायला मी लाल पेन टेकवलं.

"थांबा बाई," ती अगदी काळजीने म्हणाली. "परीक्षेचे पेपर कोण तपासून राहिलं, ते पहिले सांगा."